बेचिराख गावाची विहीर

नकाशावर आमच्या गावाचं नाव चांगलं ठळक छापलेलं होतं. त्याखाली कंसात बारीक अक्षरांत एकच शब्द होता, आणि तंबूतल्या अधिकाऱ्यानं तो मला वाचून दाखवला: बेचिराख. मूळ उर्दू शब्द बेचिराग, म्हणजे दिव्याविना. ज्या गावात दिवा लागत नाही, म्हणजे जे गाव उठून गेलं आहे, त्याला निजामी अमलात सरकारी कागदावर हा शब्द लावीत. मी त्याच गावातून सकाळी निघून कमलनगरच्या बाजूला त्या तंबूपर्यंत चालत आलो होतो. माझ्या फडक्यात त्याच गावच्या चुलीवरची भाकरी होती. मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

त्या दिवसापासून नकाशा या वस्तूबद्दल मनात जी अढी बसली ती गेली नाही, आणि नकाशांचा नादही सुटला नाही. पुढं जिथं मिळाले तिथं मी त्या काळचे, मैलाला इंच धरून काढलेले नकाशे बघत आलो. आता डोळे अधू झालेत, तरी भिंग लावून बघतो. घरच्यांना वाटतं म्हातारा कुठला तरी जमिनीचा वाद उकरून काढतोय. तसं काही नाही. आपला मुलूख त्यात असा काही दिसतो की बघत राहावं. माळाचे उतार तपकिरी रेघांनी काढलेले असतात, नाला नेमका कुठं वळतो ते असतं, गाडीवाट तुटक रेघेनं आणि पायवाट ठिपक्यांनी दाखवलेली असते. आमच्या माळावरचा एकटा दर्गा होता. ओढ्याकाठची शिंदीची झाडं होती. विहीर म्हणजे एक बारीकसं निळं वर्तुळ. ज्या कुणी हे काढलं तो उन्हातान्हात तिथं हिंडला होता, यात शंकाच नाही. फक्त त्या वर्तुळातलं पाणी वर कसं येतं हे नकाशात लिहीत नाहीत. दोरानं शेंदायचं की पायऱ्या उतरून आत जायचं, हे नकाशा बघून कळत नाही. आमच्या घराचं जे काही वाटोळं झालं ते एवढ्याच फरकापायी झालं.

आमची विहीर पायऱ्यांची होती. गाव लहान, जहागिरीतलं. वर तांबडा माळ, खाली काळं रान, आणि मधे माळवदाची मोजकी घरं. विहीर मात्र एखाद्या मोठ्या गावाला शोभावी अशी दगडी, घडीव चिऱ्यांची. ती कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तिचा मान मोठा. बायका पायऱ्या उतरून खाली जात, शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आणखी खाली उतरत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

उन्हाळा लागला की गावात नारू निघायला लागे. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. आधी पायावर एक फोड येतो. तो इतका जळतो की माणसाला कुठं ठेवू नि कुठं नको असं होतं. पाय पाण्यात घातला की बरं वाटतं. मग फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं बाहेर काढतो. तो हातभर लांब असतो. एका काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून खांबाएवढा होतो आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो, कधी कधी जातोही. ऐन पेरणीत निम्मं गाव ओसरीवर काड्या धरून बसलेलं असे. आंबा पिकतो तसा नारू निघतो, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं.

माझी बायको चिंताकीकडची. तिच्या माहेरी विहिरी शेंदायच्या होत्या. तिकडं नारू कुणाला ठाऊक नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सामानात एक नवा सोल, पाणी शेंदायचा जाड दोर, आणला होता. दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर टाकून विहिरीवर गेली आणि दोर कुठल्या चाकावरून सोडायचा म्हणून विचारलं. बायका पोट धरून हसल्या. ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती, हे कळायला मला फार वर्षं लागली. पहिला उन्हाळा तिला काही झालं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात घोट्यापाशी फोड आला, आणि त्यानंतर एकही उन्हाळा तिचा सुका गेला नाही. कधी एका पायाला, कधी दोन्ही. तिचा उजवा पाय हळूहळू आखडत चालला. ती चांगली उंच, ताठ चालणारी बाई होती. तिला भिंत धरून चालताना बघणं मला सहन होत नसे, आणि मी त्याचा राग काढायचा तो नेमका तिच्यावरच काढायचो.

मी बिदरला उर्दू मिडलपर्यंत शिकलो होतो, म्हणून गावची सरकारी बोलणी माझ्या गळ्यात पडत. सरकार नारूच्या गावांना शेंदायच्या विहिरी बांधून देतंय अशी बातमी बाजारात कानावर आली आणि मी त्या तंबूचा पत्ता काढत गेलो. अधिकारी हैदराबादकडचा होता. भला माणूस. मला बसायला लावलं, चहा पाजला. नारू कुठून येतो हे मला पहिल्यांदा त्यानंच सांगितलं. ज्याच्या पायाला नारू आहे तो पाय पाण्यात घालतो, किडा पाण्यात पिल्लं सोडतो, ते पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षानं नवा नारू निघतो. पायऱ्या बंद झाल्या की नारू बंद. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या बायका शेवटच्या पायरीवर पाय निववत उभ्या होत्या. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना हे पाजत आलो होतो.

मग त्यानं नकाशा उलगडला, आमच्या गावावर बोट ठेवलं आणि थांबला. कुणालाही न दुखवता बोलायची त्याची रीत होती. "यां तो बेचिराग लिखको है," तो म्हणाला.

हे कसं झालं असेल ते मला तिथल्या तिथं उमजलं. साथ जवळ आली की आमच्याकडं अख्खं गाव एका दिवसासाठी बाहेर काढत. कानडी बोलणारे त्याला होरबीडू म्हणत. उजाडायच्या आत चुली विझवायच्या, राखेवर पाणी ओतायचं. गुरं, कोंबड्या, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले, सगळे बाहेर. वेशीत बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायच्या आणि लांब आमराईत जाऊन तिथं रांधून खायचं. दिवस मावळेपर्यंत गावात कुणी पाऊल ठेवायचं नाही. समजूत अशी की मरीआई त्या दिवशी येते, धूर नाही, माणूस नाही, गाव ओस पडलंय असं बघते आणि पुढं निघून जाते. काही वर्षांमागं असंच गाव बाहेर पडलं असताना नकाशासाठी मोजणी करणारे पैमाइशवाले आले होते. आमराईतून आम्हाला ते माळावर दिसले. तीन पायांचं टेबल, पांढरं निशाण, टोप्या घातलेली माणसं. नंतर ते गावाकडं उतरले, विहिरीवर थांबले, पाणी प्याले आणि गेले.

आमराईत त्या दिवशी नुसता आनंद होता. सरकारी माणूस गावात आला की वेठ आलीच: दूध द्या, कोंबडी द्या, सामान पुढच्या गावापर्यंत वाहून न्या. माझे वडील गावचे कारभारी. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. त्यांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. आलेत तसे जातील म्हणाले. ते गेल्यावर लोक मोकळेपणी हसले, आणि देवीबरोबर सरकारही टळलं म्हणून कुणीतरी जास्तीचा गूळ वाटला. त्या पैमाइशवाल्यांनी ओढ्याकाठचं शिंदीचं एक झाड टिपायचं सोडलं नाही. आम्ही तेवढे सुटलो. गाव ओस आहे हे देवीला पटलं की नाही देव जाणे, सरकारला पटलं. आमच्या विहिरीचं पाणी प्यालेल्या त्या माणसांपैकी कुणाला पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला का, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा आला आहे. निघाला असेल तर तो कुठून आला हे त्यांना कधी कळलं नसणार.

मी अधिकाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला. पण तो म्हणाला की गाव खालशातलं, म्हणजे थेट सरकारच्या अमलातलं असतं तर महसुलाचे कागद काढून दाखवता आले असते. जहागिरीचे कागद जहागीरदाराच्या कचेरीत, ते कोण कुणाला दाखवतो. त्याच्यापुढं हा नकाशा होता आणि बेचिराख गावात विहीर बांधली तर त्याची नोकरी जाईल. त्यानं एक तोड काढली. वैशाख सरता सरता एका मंगळवारी त्याचा दौरा आमच्या शेजारच्या गावाला जाणार होता. जाता जाता तो आमच्या वाटेनं येईल. पेटलेल्या चुली आणि माणसं डोळ्यांनी बघितली की आपल्या सहीनं तसं लिहून देईल. विहीर त्याच साली धरता येईल, असंही म्हणाला. मी परत येताना अर्धी वाट पळतच आलो.

बायकोच्या पायाला तेव्हा नारू होताच. तिनं हातातली काडी जपून धरून सगळं ऐकलं. त्या दिवसापासून मंगळवार कधी ते मला सारखी विचारू लागली.

तो मंगळवार जवळ आला आणि नाल्याच्या खालच्या गावात पटकी सुरू झाली. लोक हगवण-वांतीनं पटापट मरायला लागले. चावडीपुढं मंडळी जमली आणि ठरलं: गाव बाहेर काढायचं, येत्या मंगळवारी. मी अप्पांच्या मागं लागलो. शुक्रवार धरा म्हणालो, शुक्रवारही देवीचाच. निदान एक घर पेटतं ठेवा म्हणालो. विहीर मिळाली तर नारू कायमचा जाईल, हेही सांगितलं. अप्पा ऐकून घेणारे होते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. ते म्हणाले, "साहेब आज न्हाई तर उद्या यील. देवी दारात हुबी हाय. नारूनं माणूस लंगडा हुतंय, हिनं घरं बसतेत." त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

सोमवारी दिवस कलताना मी गाडीत कडबा अंथरत होतो, तिला निजवून न्यायला. ती भिंत धरून बाहेर आली.

"मला गाडीत घालू नगा," ती म्हणाली. "मी हितंच ऱ्हाते. चूल पेटवते."

अप्पा काय म्हणतील, गाव काय म्हणेल, ते मी तिला बोलून दाखवलं.

"धूर दिसला तर हीर मिळंल, असं तुमीच म्हणलाव की. मग कुणीतर पेटवाय नगं का? मला चालाय येत न्हाई, मीच बरी."

मी पुष्कळ समजावलं. ती आत गेली आणि दाराला कडी घातली.

सकाळी अंधुक उजेडात गाड्या निघाल्या. गर्दीत अप्पांना वाटलं ती मागच्या गाडीत आहे. मी आमराईत न जाता गाडीवाट फुटते त्या लिंबाखाली जाऊन बसलो, अधिकाऱ्याला वाटेतच गाठावं म्हणून. ऊन वर आलं. मान वळवून बघितलं तर गावातून धूर निघाला होता. एकाच घराचा, सरळ, पांढरा. वारा अजिबात नव्हता. मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. जे मला दिसलं ते आमराईतल्या प्रत्येकाला दिसत होतं. आणि दिवस मावळायच्या आत गावात पाऊल ठेवायचं नाही हा नेम असल्यामुळं, कुणाला जाऊन ती चूल विझवताही येईना. सगळं गाव दिवसभर तो धूर बघत बसलं. तिनं गोवऱ्या संपल्यावर तुराट्या घातल्या, तुराट्या संपल्यावर ओला पाला. दुपारी धूर काळा आणि दाट झाला. साहेबाला लांबून दिसावा म्हणून तिची धडपड चालली होती.

अधिकारी आला नाही. मी ऊन उतरेपर्यंत त्या वाटेकडं डोळे लावून बसलो होतो. वाटेनं एक कुत्रं तेवढं गेलं. नंतर कळलं, पटकीची खबर लागताच त्याचा दौरा परस्पर दुसऱ्या तालुक्याकडं वळवला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही वळलो असतो.

संध्याकाळी लोक परतले. कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. सगळे आमच्या दारावरून खाली मान घालून गेले. त्याची मला जास्त भीती वाटली. पंधरवडा उलटायच्या आत पटकी आमच्या गावात शिरली. बाजार त्याच गावचा, नाला तोच, ती येणारच होती. पण घरटी कुणी ना कुणी गेलं आणि गावाला एकच गोष्ट आठवत होती. देवी आली, तिनं धूर बघितला, गावात माणूस आहे हे तिला कळलं आणि ती थांबली. आमच्या घरातून अप्पांची धाकटी बहीण गेली. अप्पांनी तिला माती दिली, घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्या बायकोच्या हातचं पाणी सोडलं. मग गावानं तिला विहीर बंद केली. पायरीवर पाय ठेवायचा नाही, एवढंच सांगितलं.

विहीर गेल्यावर मी नाल्यात वाळू उकरून झिरा केला. त्यात हळूहळू पाझरणारं पाणी वाटीनं घागरीत भरून मी घरी आणत असे. ती चूल सांभाळी, मी पाणी भरी. घागर घेतलेला पुरुष बघून लोक तोंड फिरवीत. आम्ही दोघं तेवढं ते पाणी पीत होतो. अप्पा विहिरीचंच पाणी पीत.

पुढच्या उन्हाळ्यात, आधी प्यालेल्या पाण्याचा, नारू तिला निघालाच. आणखी एक वर्ष गेलं. उन्हाळा आला आणि गावात नेहमीसारखे फोड उठले. त्या साली जरा जास्तच. अप्पांच्या पोटरीला निघाला. तिला निघाला नाही. आम्ही दोघंही रोज तिचे पाय चाचपून बघत होतो. चैत्र गेला, वैशाख गेला, कातडी कोरडी राहिली. मलाही निघाला नाही, पण पुरुषाचं कोण विचारतं. वाळूतून गाळून आलेल्या पाण्यानं आम्ही वाचलो होतो. हे कळलं तेव्हा मी वेड्यासारखा धावत सुटलो. चावडीपुढं उभा राहून सगळं सांगितलं, किडा, पिल्लं, पाणी, पाय. झिऱ्याचं पाणी प्या म्हणून हात जोडले. लोकांनी शांतपणे ऐकलं. ओसरीवर पाय लांब करून, काडीला नारू गुंडाळत बसलेले अप्पा शेवटी बोलले.

"समद्यांला निघाला. तिचा कुठं गेला?"

गावानं उत्तर आधीच ठरवलं होतं. तिनं देवीला गाव दाखवलं, बदल्यात आपला पाय मोकळा करून घेतला आणि आपला नारू गावात वाटला. ज्या गोष्टीनं त्यांची सुटका व्हायची तीच त्यांनी तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून धरली. 'तुमच्यासारखा शिकलेला माणूस' असं कुणी मला म्हणतं तेव्हा मला त्या चावडीची आठवण येते. मी शिकलेला होतो, मला कारण ठाऊक होतं, ते मी त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं, आणि माझ्या जन्मदात्या बापालाही पटवता आलं नाही.

त्यानंतर आमच्या दाराशी बिब्बे, लिंबं पडू लागली. लहान पोरं तिला बघून पदराआड लपत. एके दिवशी ती म्हणाली, "आपुन जाऊ." आम्ही गेलो. राजेश्वर गावी एका अडत दुकानात मला काम मिळालं. तिथली विहीर शेंदायची होती. ती पुन्हा दोर ओढू लागली, पण पाय सुधारला नाही, आणि दारात अनोळखी बाई आली की ती आत जाऊन बसे. तिला मूलबाळ झालं नाही. ती माहेरी फारशी जात नसे. माझ्याशी नीट बोले, हसेही, पण त्या हसण्यात पूर्वीचं काही उरलं नव्हतं.

काही वर्षांनी विहिरींच्या कामावरचा एक नवा अधिकारी राजेश्वरला आला. आमच्या दुकानाच्या पेढीवर त्यानं नकाशा पसरला. तोच नकाशा. या भागातली गावं माहीत असलेला माणूस त्याला हवा होता. आमच्या गावावर बोट ठेवून त्यानं विचारलं, हे खरंच बेचिराख आहे का. मी म्हणालो, माणसं आहेत, नारू आहे, जाऊन बघा. हा तरुण होता, चौकस होता, दुसऱ्याच दिवशी गेला. तो साधा दिवस होता, गावात चुली पेटलेल्या होत्या. विहीर मंजूर झाली. एवढं सोपं होतं ते. मी घरी येऊन सांगितलं तर ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले, आणि खूप दिवसांनी मी तिचा चेहरा उजळलेला बघितला.

विहीर बांधून झाल्यावर मी तिला बघायला चल म्हणालो. ती नको म्हणाली, तुम्ही बघून या. मी गेलो. वेशीजवळच होती. गोल, दगडी, कमरेएवढा कठडा, वर लोखंडी चाक, पाणी हाताशी. इतकी सुरेख विहीर मी त्या भागात बघितली नव्हती. चाकाला दोर नव्हता. कठड्याला घागरीचा एक ओरखडा नव्हता. मी उभा होतो तेवढ्यात बायकांची रांग माझ्या समोरून गेली, डोक्यावर घागरी, घोट्याला चिंध्या बांधलेल्या. त्या विहिरीला वळसा घालून खाली गेल्या, पायऱ्यांकडं.

अप्पा ओसरीवर पडून होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. आत नारू तुटला होता. मी त्यांच्या पायाशी बसलो. विहीर झाली की अप्पा, म्हणालो.

"झाली," ते म्हणाले. "ती तिच्या धुरावर आलेली हीर. तिचं पानी गावात कोन पिनार?"

मी उठून शेजारचा दोर आणला, नव्या विहिरीचं पाणी शेंदलं, आधी त्यांच्यासमोर स्वतः प्यालो आणि मग तांब्या त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांना ताप होता, ओठ सुकले होते. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी रडलो, पाया पडलो, ओरडलो. माझ्या अप्पांना मी इतकं वाईट कधी बोललो नव्हतो. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. पाऊस लागायच्या सुमाराला त्यांची दातखीळ बसली आणि ते गेले. जखमेतून धनुर्वात झाला होता. अखेरपर्यंत ते त्या जुन्या विहिरीचंच पाणी मागत होते, असं निरोप घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं.

मी विहीर बघून परतलो त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात बसून वाट बघत होती. मला वाटेत पुष्कळ वेळ मिळाला होता, पण खोटं काही सुचलं नव्हतं. मी काय ते सांगितलं.

"पानी कसं हाय?" तिनं विचारलं.

"गोड हाय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आत गेली. त्यानंतर ती पाच-सहा वर्षं जगली, पण गावाचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

ती गेल्यावर कधीतरी मी कल्याणीच्या कचेरीत कामाला गेलो असताना तिथल्या भिंतीवर नवा नकाशा लावलेला दिसला. सवयीनं जवळ जाऊन बघितला. माळ, नाला, दर्गा, सगळं जागच्या जागी होतं. आमच्या गावाच्या नावाखालचा तो शब्द काढून टाकला होता. घरं काळ्या ठिपक्यांनी दाखवली होती आणि त्यांच्याशेजारी एक सोडून दोन निळी वर्तुळं होती, अगदी जवळजवळ. बघणारा म्हणेल, एवढंसं गाव, पण पाण्याची काही ददात नाही.